उधारीची अचूकता

खेड्यातल्या रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर येत नसेल तर त्याच्या जागी डीप लर्निंगचं सॉफ्टवेअर बसवावं, हा युक्तिवाद हल्ली इतक्या सहजपणे केला जातो की तो तपासून पाहायची गरजही कुणाला वाटेनाशी झाली आहे. त्याच्या पायऱ्या सोप्या आहेत. छातीचा एक्स-रे यंत्र तज्ज्ञाइतकाच अचूक वाचतं, हे सिद्ध झालेलं आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तज्ज्ञ टिकत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा पालीसारख्या गावात यंत्र बसवा आणि तज्ज्ञाची वाट पाहणं सोडून द्या. यातलं दुसरं विधान खरं आहे, पहिलं अर्धंच खरं आहे आणि दोहोंतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गफलत होते ती अचूकता हा यंत्राच्या अंगचा गुण आहे, यंत्र जिथे जाईल तिथे तोही त्याच्याबरोबर जातो, असं गृहीत धरण्यात. प्रत्यक्षात ती ठरते कुणाचे एक्स-रे वाचले जातात, त्या माणसांचं वय काय, त्यांच्यात आजार किती, फिल्म कशी निघाली आणि यंत्राने बोट दाखवल्यावर पुढची तपासणी होते की नाही, यावर. दुसऱ्या गावात सिद्ध झालेली अचूकता पालीला उधारीवर मिळत नाही. ती इथल्या माणसांवर, इथल्या आकड्यांनी सिद्ध करावी लागते, आणि तशी सिद्ध केली तरच ती कामाची.

आधी यंत्राच्या बाजूचा पुरावा पूर्ण मांडायला हवा, कारण तो भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2021 मध्ये 15 वर्षांवरच्या व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत डिजिटल एक्स-रे वाचण्यासाठी माणसाऐवजी सॉफ्टवेअर वापरायला सशर्त मान्यता दिली. त्यासाठी तपासलेल्या तीन सॉफ्टवेअरांपैकी क्यूएक्सआर हे मुंबईत 2016 मध्ये स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं. ढाक्यातल्या तीन तपासणी केंद्रांवरच्या 23,954 जणांच्या एक्स-रेंवर पाच सॉफ्टवेअरांची तुलना झाली आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाचही सॉफ्टवेअर तिथल्या रेडिऑलॉजिस्टपेक्षा सरस ठरली. नागपुरातल्या एक्स-रे केंद्रांत असं सॉफ्टवेअर वापरल्यावर क्षयरुग्ण सापडण्याच्या प्रमाणात सुमारे 16 टक्क्यांची भर पडली, असं 2023 मधल्या एका शोधनिबंधात नोंदलं आहे. आणि मुळात एक्स-रे कशासाठी, याचं उत्तर 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणाने दिलं. थुंकीत जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के रुग्ण एक्स-रे काढला नसता तर हातून सुटले असते, कारण खोकला, ताप, वजन घटणं यांपैकी कशाचीच तक्रार त्यांनी सांगितली नव्हती. एवढं समोर असताना यंत्राला सरसकट विरोध करणं म्हणजे न खोकणाऱ्या रुग्णाला वाऱ्यावर सोडणं होय. हा लेख त्या विरोधाच्या बाजूने नाही.

आता पालीकडे पाहू. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरची वाट जिथे फुटते तिथलं हे गाव. रत्नागिरीचं सिव्हिल इथून वीसेक किलोमीटर, कोल्हापूर आंबा घाट चढून शंभरावर किलोमीटर. अशा ठिकाणी सरकारी आरोग्यसेवेचा आधार म्हणजे ग्रामीण रुग्णालय. केंद्राच्या निकषांत ज्याला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात ते हेच: 30 खाटा, एक्स-रे यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ, आणि शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ अशी पदं. रेडिऑलॉजिस्टचं पद या यादीत नाही. म्हणजे 'तज्ज्ञ येत नाही म्हणून यंत्र' हे वर्णनच मुळात चुकीचं आहे. या पायरीवर एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ कधी नेमायचाच नव्हता. फिल्म निघते, ओपीडीतला वैद्यकीय अधिकारी ती खिडकीच्या उजेडात किंवा संगणकाच्या पडद्यावर बघतो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारायच्या आत निर्णय देतो. यंत्र आलं तर ते या डॉक्टरच्या मदतीला येणार आहे. हे नीट ध्यानात घेतलं की वादाचं स्वरूप बदलतं. या डॉक्टरला यंत्राच्या आकड्याचा अर्थ कोण समजावणार आणि यंत्र चुकलं तर ते त्याला कसं कळणार, हे आता विचारावं लागतं.

तो अर्थ समजायला थोडं गणित करावं लागतं, आणि ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे. क्षयरोगाच्या प्राथमिक तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली किमान अट अशी: शंभर रुग्णांपैकी 90 ओळखले गेले पाहिजेत आणि शंभर निरोगी माणसांपैकी 70 जणांना यंत्राने निरोगीच म्हटलं पाहिजे. ढाक्याच्या अभ्यासातल्या पाचपैकी दोनच सॉफ्टवेअर ही अट पुरी करू शकली. अशी अट पुरी करणारं यंत्र ओपीडीत बसवलं आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेली एक हजार माणसं त्याच्यापुढे आली, त्यांच्यात समजा शंभर खरे क्षयरुग्ण आहेत. यंत्र 90 जणांना बरोबर ओळखेल आणि उरलेल्या 900 पैकी 270 जणांवर चुकून शिक्का मारेल. शिक्का बसलेल्या दर चौघांत एक खरा रुग्ण. आता तेच यंत्र घेऊन वाडीवाडीवर शिबिरं भरवा. राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या लोकांत दर लाखामागे 316 क्षयरुग्ण आढळले, म्हणजे हजारात साधारण तीन. यंत्र त्या तिघांना ओळखेल, आणि जवळजवळ 300 निरोगी माणसांनाही संशयित ठरवेल. शिक्का बसलेल्या दर शंभरात एक खरा रुग्ण. सॉफ्टवेअर तेच, आवृत्ती तीच, कंपनीच्या माहितीपत्रकावरचा आकडाही तोच. तरी ओपीडीत त्याच्या 'हो'ला जे वजन आहे त्याच्या पंचविसावा भागही शिबिरात उरत नाही. माहितीपत्रकातली अचूकता पालीच्या डॉक्टरला यातलं काहीच सांगत नाही. शिवाय ही यंत्रं मुळात हो-नाही सांगतच नाहीत. ती प्रत्येक फिल्मला गुण देतात, आणि किती गुणांच्या वर संशयित म्हणायचं ती रेषा माणसाला आखावी लागते. ढाक्यात आखलेली रेषा पालीला बरोबर बसेल, याची हमी कुणीच देऊ शकत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनेही ही रेषा आपापल्या ठिकाणी मोजून ठरवण्याची पद्धत आखून दिली आहे.

गणिताच्या पलीकडे आणखी एक अडचण आहे, आणि ती या तंत्राच्या शिकण्याच्या रीतीतच आहे. डीप लर्निंगला आजार म्हणजे काय हे कुणी शिकवत नाही. लाखो फिल्म आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या त्याच्यापुढे ठेवल्या जातात, आणि चिठ्ठी ओळखायला जी खूण उपयोगी पडेल ती खूण ते उचलतं. खूण फुप्फुसातली आहे की फिल्मच्या कोपऱ्यातली, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. अमेरिकेत 2018 मध्ये तीन रुग्णालयसमूहांच्या एक्स-रेंवर न्यूमोनिया ओळखणाऱ्या डीप लर्निंगच्या जाळ्याची (न्यूरल नेटवर्कची) परीक्षा घेतली गेली. एका समूहात न्यूमोनियाचं प्रमाण सुमारे 34 टक्के होतं, उरलेल्या दोघांत एक टक्क्याच्या आसपास. जाळं फिल्म कोणत्या रुग्णालयातली आहे हे जवळजवळ न चुकता ओळखायला शिकलं होतं, आणि रुग्णालय कळलं की न्यूमोनियाचा अंदाज बांधणं सोपं होतं. परक्या रुग्णालयाच्या फिल्म दिल्यावर पाचपैकी तीन तुलनांत त्याची कामगिरी घसरली. कोविडच्या काळात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून कोविड ओळखण्याचे दावे करणाऱ्या 2020 मधल्या शोधनिबंधांची केंब्रिजच्या संशोधकांनी छाननी केली. निकषांवर उतरलेले 62 अभ्यास त्यांनी बारकाईने तपासले आणि त्यांतला एकही रुग्णांसाठी वापरण्याजोगा नाही, असा निष्कर्ष 2021 मध्ये काढला. या अपयशाला डीप लर्निंग निकामी असल्याचा पुरावा म्हणणं अन्याय होईल. पण आपल्याच घरच्या फिल्मवर मिळालेले गुण परक्या घरी टिकतील असं मानता येत नाही, हे त्यातून पुरेसं सिद्ध होतं.

पालीचं घर किती परकं आहे ते पाहिलं की मुद्दा आणखी टोकदार होतो. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 भरली, आधीच्या दशकापेक्षा 4.82 टक्क्यांनी कमी. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया 1,122. या दोन आकड्यांत या जिल्ह्याचं सगळं जगणं आहे. कमावत्या वयाचा माणूस मुंबईला, चाकरमानी म्हणून. गावात मागे राहिलेल्या बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. आणि मुंबईत दाटीच्या खोल्यांत वर्षानुवर्षं काढून, कधी तिथेच टीबीचं औषध घेऊन, उतारवयात गावी परतलेले पुरुष. आता ढाक्याच्या त्याच अभ्यासाचा कमी सांगितला जाणारा भाग वाचा. जी पाच सॉफ्टवेअर तिथे तज्ज्ञांपेक्षा सरस ठरली, ती सगळी दोन गटांत कमी पडली: साठीपुढची माणसं आणि पूर्वी क्षयरोग होऊन गेलेली माणसं. याचं कारण फिल्म समोर धरली की दिसतं. बऱ्या झालेल्या क्षयाने फुप्फुसाच्या वरच्या भागात चट्टे सोडलेले असतात, कॅल्शियमचे पांढरे ठिपके असतात, आकसलेल्या बाजूला श्वासनलिका ओढली गेलेली असते. त्यात कणा वाकलेला, श्वास पूर्ण भरून धरवत नाही, खांद्याची पाती फुप्फुसावर आलेली. गावच्या डॉक्टरला जुनी फाइल मागून, 'हे केव्हाचं?' असं विचारून जो उलगडा होतो तो एकट्या फिल्मवरून होत नाही. जुना व्रण आणि नवा आजार वेगळा करणं हीच इथली खरी परीक्षा आहे, आणि यंत्र नेमकं तिथेच सर्वांत कच्चं आहे. सर्वसाधारण अचूकतेचा आकडा दाखवून ही उणीव झाकली जाते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की, काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं. तज्ज्ञाची फिल्मवर नजर पडणारच नसेल, तर यंत्राची पडू दे. या आक्षेपाला मी अर्ध्यावर मान देतो. क्षयरोगापुरतं, चाळणी म्हणून, पुढे थुंकीची तपासणी हजर असताना यंत्र असणं हे नसण्यापेक्षा निश्चित बरं. पण 'काहीतरी' फुकट नसतं. शिबिरात चुकून शिक्का बसलेल्या 300 जणांपैकी प्रत्येकाला बेडका तपासायला रत्नागिरीला पाठवलं तर एका दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि वाडीत पसरलेली कुजबुज, ही किंमत तो माणूस मोजतो, यंत्र विकणारा मोजत नाही. आणि त्यातले बरेच जण जाणारच नाहीत, तेव्हा त्यांच्यातला खरा रुग्णही हरवेल. उलट बाजूला, यंत्राने 'नॉर्मल' म्हटलेल्या माणसाला डॉक्टरही निर्धास्तपणे घरी पाठवतो. क्षयरोगासाठी मान्यता मिळालेलं सॉफ्टवेअर 'नॉर्मल' म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ 'क्षयाची खूण दिसली नाही' एवढाच असतो. हृदय वाढल्यामुळे धाप लागणाऱ्या बाईला त्या शब्दाने मिळालेला दिलासा खोटा असतो. काहीच नसताना डॉक्टर निदान साशंक तरी असतो. खात्रीच्या सुरात सांगितलेलं 'काहीतरी' ती शंकाही काढून घेतं.

दुसरा आक्षेप: माणसंही चुकतात. अर्थातच चुकतात, आणि दमलेला डॉक्टर यंत्रापेक्षा जास्त चुकतो. पण दोघांच्या चुकांची जात वेगळी. एका डॉक्टरची चूक त्याच्या ओपीडीपुरती राहते आणि शेजारच्या तालुक्यातला दुसरा डॉक्टर वेगळी चूक करतो. सॉफ्टवेअरची चूक ते बसवलेल्या प्रत्येक ठिकाणी, त्याच प्रकारच्या माणसाच्या बाबतीत, त्याच वेळी होते, आणि कुणी मुद्दाम मोजायला गेल्याशिवाय दिसत नाही. शिवाय यंत्र आणि माणूस एकत्र आले की माणूस यंत्राची चूक पकडेल, ही समजूतही पुराव्यावर टिकत नाही. जर्मनीत 27 रेडिऑलॉजिस्टना मॅमोग्राम वाचायला देऊन काही फिल्मवर यंत्राचं उत्तर म्हणून मुद्दाम चुकीची श्रेणी दाखवली गेली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नवख्या डॉक्टरांचं बरोबर येण्याचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांवरून 20 च्या खाली आलं. मुरलेल्या तज्ज्ञांचंही 82 वरून 45 वर घसरलं. वर्षानुवर्षं मॅमोग्राम वाचणाऱ्यांची ही गत, तर एक्स-रे वाचनाचं खास शिक्षण न मिळालेल्या, रोज मोठी ओपीडी उरकणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने यंत्राला विरोध करावा ही अपेक्षा अवास्तव आहे. 'अंतिम निर्णय डॉक्टरचाच' हे वाक्य अशा ठिकाणी जबाबदारी ढकलण्यापुरतं उरतं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये 80,000 स्त्रियांवरच्या मासाई चाचणीने दाखवलं की यंत्राच्या मदतीने स्तनाचे कर्करोग थोडे जास्त सापडले आणि वाचनाचं काम 44 टक्क्यांनी घटलं. पण तिथे यंत्र जोखमीप्रमाणे फिल्मची विभागणी करत होतं आणि वाचायला सरावलेले रेडिऑलॉजिस्टच बसलेले होते. यंत्र तज्ज्ञाचं ओझं हलकं करतं, याचा तो पुरावा. तज्ज्ञाशिवाय चालतं, याचा नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा: प्रत्येक जिल्ह्यात वेगळी परीक्षा घेत बसलो तर लोक मरतील, आणि तोवर सॉफ्टवेअरची नवी, अधिक चांगली आवृत्ती येईल. नव्या आवृत्तीचं आधी सांगतो. नवी आवृत्ती आली की गुण देण्याची रीत बदलू शकते, म्हणून जुनी रेषा पुन्हा तपासावी लागते. नवेपणाने परीक्षेची गरज कमी होत नाही, उलट वाढते. जेफ्री हिंटन या नामवंत संशोधकाने 2016 मध्ये रेडिऑलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल, असं भाकीत केलं होतं. ती पाच वर्षं कधीच उलटली, आणि रेडिऑलॉजिस्ट आजही हवेच आहेत. खर्चाचं म्हणाल तर मोजून पाहण्याचा वारसा महाराष्ट्राइतका फार थोड्यांकडे आहे. आज धाराशिव म्हणवणाऱ्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 52 गावसमूहांत टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने 1999 पासून 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन चाचण्यांची तुलना केली. गंभीर विकृती शोधण्याचं प्रमाण तिन्ही चाचण्यांचं जवळपास सारखंच निघालं. पण 2009 मध्ये निकाल हाती आले तेव्हा मृत्यू निम्म्यावर आणलेले दिसले ते फक्त एचपीव्ही चाचणीच्या गटात. किती विकृती सापडल्या एवढंच मोजून थांबले असते, तर तिन्ही चाचण्या सारख्याच चांगल्या ठरल्या असत्या. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायकांनी जगाला दिलेला हा धडा आहे, आणि जगभरात तो वापरला गेला. मुंबईत स्तनांची हाताने तपासणी करण्याच्या पद्धतीचा टाटा मेमोरियलने 1998 पासून दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं पाठपुरावा केला. जिथे एवढं झालं, तिथे एका तालुक्यात काही शे फिल्मना थुंकीच्या तपासणीची जोड देऊन रेषा आखणं परवडत नाही, असं म्हणणं पटण्यासारखं नाही.

म्हणून मागणी यंत्र अडवण्याची नाही. ती अशी आहे. यंत्र बसवण्याआधी याच परिसरातल्या माणसांवर, त्यातही साठीपुढच्या आणि टीबी होऊन गेलेल्या माणसांवर वेगळी, त्याची रेषा मोजून ठरवावी आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला ते पुन्हा करावं. ज्याच्यावर शिक्का बसेल त्याच्या थुंकीची तपासणी त्याच दिवशी, त्याच इमारतीत व्हावी. गोव्याच्या कंपनीचं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट यंत्र तासाभरात उत्तर देतं आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 2020 मध्येच मिळालेली आहे, तेव्हा रुग्णाला रत्नागिरीला धाडण्याचं कारण उरत नाही. यंत्राने 'नॉर्मल' म्हटलेल्या फिल्मपैकी काही, चिठ्ठ्या टाकून निवडून, दर महिन्याला रेडिऑलॉजिस्टने पुन्हा वाचाव्यात आणि त्यांतल्या काहींची थुंकीही तपासावी, कारण सुटलेले रुग्ण मोजायला दुसरा रस्ताच नाही. 2023 मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. ही जबाबदारी त्याच्या रेडिऑलॉजी विभागाची असावी, त्यासाठीची पदं भरलेली असावीत आणि यंत्र आलं म्हणून त्यांतलं एकही गोठवू नये. आणि शेवटी, किती जणांवर शिक्का बसला, त्यांतले किती खरे निघाले, किती जणांचं औषध सुरू होऊन पूर्ण झालं आणि किती सुटले, हे चार आकडे दर तिमाहीला तालुक्याच्या नावाने जाहीर व्हावेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2023 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी दिलेल्या नीतितत्त्वांत उत्तरदायित्व आहेच. या चार आकड्यांनी त्याला अर्थ येईल.

हे चार आकडे द्यायची ज्यांची तयारी आहे, त्यांचं यंत्र पालीत लवकरात लवकर यावं आणि लोकांनी त्याचं स्वागत करावं. ज्यांची तयारी नाही, ते विकत आहेत ती दुसऱ्यांच्या गावात, दुसऱ्यांच्या छातीवर सिद्ध झालेली अचूकता. तिच्या भरवशावर इथल्या रुग्णाच्या हक्काचा तज्ज्ञ काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही, कोणत्याही कंपनीला नाही. तज्ज्ञ हवा आणि यंत्रही हवं, हे दोन्ही मागायला कोकणातल्या माणसाने संकोच करू नये.